क्यूब ड्राफ्टमध्ये दरवेळी डेक अर्धवट राहतात: चार-पाच जणांच्या गटासाठी दुरुस्ती

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या तुमच्या घरच्या क्यूबमध्ये (स्वतः निवडलेल्या पानांच्या पेटीत) असं होतंय का बघा. ड्राफ्ट (पॅक फिरवत एकेक पान निवडणं) संपतो, प्रत्येकासमोर ४५ पानं असतात, आणि डेक (खेळायची गड्डी) लावायला बसलं की चारपैकी दोघं तरी म्हणतात, "माझं जमलंच नाही." एकाकडे ग्रेव्हयार्डमधून (बाद पानांच्या ढिगातून) क्रीचर (लढणारी पानं) उठवायची दोन पानं आहेत, पण उठवण्याजोगं क्रीचर एकच. दुसऱ्याने लाल रंगाचा वेगवान डेक धरला होता, त्याला एका मानाची (माना म्हणजे पान खेळायला लागणारी ऊर्जा) पानं जेमतेम तीन मिळाली. आणि ज्याने कुठलीच थीम (एकमेकांना पूरक पानांचा बेत) न धरता दिसेल ते भारी पान उचललं, चार रंग एकत्र केले, तो सगळ्यांना हरवून जातो. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये एका मित्राच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बसतो. क्यूब माझा आहे, त्यामुळे डेक लागला नाही की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या, आणि ते बरोबरच होतं. आता हा त्रास गेला आहे. तो कसा सापडला आणि काय बदललं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण चार-पाच जणांत खेळणाऱ्या कुठल्याही गटाला हा त्रास होणारच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. त्यात बूस्टर ड्राफ्टची मूळ पद्धत अशी: प्रत्येकाला १५ पानांची तीन पॅक, एक पान घ्यायचं, उरलेलं पॅक शेजाऱ्याला द्यायचं. शेवटी हाती आलेल्या ४५ पानांतून साधारण २३ निवडायची, १७ लँड (माना देणारी पानं) घालायच्या आणि ४० पानांचा डेक लावायचा. दर वेळी नवी पॅक विकत घेण्याऐवजी आपणच निवडलेल्या पानांची एक कायमची पेटी करायची, ती पिसून त्यातून पॅक लावायची, खेळून झालं की पानं परत पेटीत. या पेटीला क्यूब म्हणतात.

क्यूब साधारण ३६० पानांचा करा, असं जो तो सांगतो. मीही तसाच केला होता. हा आकडा कुठून आला याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. आठ माणसं, प्रत्येकी ४५ पानं, म्हणजे ३६०. आकडा आठ माणसांचा आहे. तो लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर उभं आहे.

आधी आम्ही काय चुकीचं केलं

लाल रंगाचा डेक सतत हरत होता, म्हणून आम्हाला वाटलं लाल पानं कमजोर आहेत. मग गोब्लिन गाईड आलं, मोनॅस्टरी स्विफ्टस्पीअर आलं. फरक पडला नाही. ग्रेव्हयार्डचा डेक लागत नव्हता, म्हणून मोठी क्रीचर आणखी घातली. चार रंगांचा डेक जिंकतोय, मग सगळ्यांनाच रंग जुळवायला सोपं जाऊ दे, म्हणून दोन रंगांच्या लँड वाढवत ८० वर नेल्या. प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून पानं घालत गेलो आणि ३६० चा क्यूब ५४० वर पोहोचला. त्रास कमी झाला नाहीच, वाढला.

तेव्हा मी वहीत लिहायला लागलो. तुम्हीही आधी हेच करा, पानं बदलायच्या आधी. तीन ड्राफ्ट पुरतात. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: किती जण होते, पॅकच्या शेवटी शेवटी कोणती पानं फिरत राहिली, आणि प्रत्येकाने डेकबाहेर ठेवलेल्या बावीसेक पानांत काय होतं.

ही तिसरी नोंद सगळ्यात बोलकी असते. थीमचं पान शेवटपर्यंत फिरत राहिलं, आणि ती थीम धरणारा माणूस टेबलावर असूनही त्याने ते घेतलं नाही, तर ते पानच कच्चं आहे, बदला. थीम धरणाऱ्याने दिसेल ते प्रत्येक पान घेतलं तरी त्याला पुरेशी मिळाली नाहीत, तर पानांत खोट नाही, ती टेबलावर आलीच कमी. आणि थीम कुणी धरलीच नाही, पानं इकडेतिकडे विखुरली, तर त्या थीमकडे बोट दाखवणारं ठळक पान पहिल्या पॅकमध्ये दिसलं नाही. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. मी तिन्हींना एकच औषध देत होतो.

माझ्या वहीत दुसरा प्रकार वारंवार निघाला. मावसभावाने सलग तीन वेळा निळा-काळा डेक धरला होता. तिसऱ्या वेळी तो क्रीचर उठवणाऱ्या दोन पानांबद्दल म्हणाला, "दादा, रीॲनिमेट आणि ॲनिमेट डेड दोन्ही पेटीत आहेत हे मला माहीत आहे. पण मी दोन्ही एकत्र कधी बघितलीच नाहीत." त्या दिवशी मी पहिला रकाना नीट वाचला. वर्षभरात आठ जण एकदाही जमले नव्हते. बहुतेक वेळा चार, कधी पाच, क्वचित सहा. एकाची सातपूरला शिफ्ट बदलते. दिंडोरीचा मित्र द्राक्षबागायतदार आहे, त्याची ऑक्टोबरात छाटणी, जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. तो वर्षातले निम्मे महिने येऊच शकत नाही. देवळाली कॅम्पवरून येणाऱ्याला परतीच्या बसची वेळ गाठायची असते. यात कुणाचाच दोष नाही. क्यूबच आठ जणांसाठी होता.

हिशेब

मेंढीकोट खेळताना चारही मेंढ्या डावात आहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, कारण सगळी ५२ पानं वाटली जातात. आता समजा, कुणीतरी न बघता निम्मी गड्डी बाजूला ठेवली आणि मग वाटली. मेंढ्या चार आहेत की एक, कुणालाच माहीत नाही, आणि तरी आपण चार धरून उतारी करतोय. चार जणांनी ३६० च्या क्यूबमधून ड्राफ्ट करणं म्हणजे हेच. चार जणांना १८० पानं लागतात. उरलेली १८० त्या दिवशी पेटीतच राहतात.

एखादी जोडी घ्या, जिथे दोन ठरावीक पानं एकत्र हवीत. स्प्लिंटर ट्विन आणि डिसीव्हर एक्झार्च ही प्रसिद्ध जोडी: दोन्ही मिळाली की हवी तेवढी क्रीचर तयार होतात आणि डाव तिथेच संपतो. आठ जण असतील तर ३६० मधली दोन्ही पानं टेबलावर असणारच. सहा जण असतील तर दोन्ही असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. चार जण असतील तर २५ टक्के. आणि क्यूब ५४० चा करून चार जण बसलात तर ११ टक्के, म्हणजे नऊ ड्राफ्टमधून एकदा. शिवाय तेव्हाही दोन्ही एकाच माणसाकडे जायला हवीत.

ग्रेव्हयार्डच्या थीमचंही तसंच. माझ्या ५४० मध्ये क्रीचर उठवणारी पाच पानं होती. डेक चालायला त्यातली निदान तीन हवीत. चार जणांच्या टेबलावर तीन किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे २१ टक्के होती. जेव्हा क्यूब ३६० चा होता तेव्हा तीच शक्यता बरोबर ५० टक्के होती. म्हणजे मी चांगली पानं घालून घालून मावसभावाचा डेक स्वतःच्या हाताने मोडत होतो. त्याने चूक केली नव्हती, त्याची निवड चांगली होती. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण दोन-तीन वेळा मीच त्याला "तू थीम उशिरा सोडतोस" असं सुनावलं होतं.

लाल डेकचं दुखणं याच मुळातून आलेलं. वेगवान डेकला पहिल्या टर्नला टाकायला एका मानाचं क्रीचर हवं. ४० पानांच्या डेकमध्ये अशी तीन असतील तर सुरुवातीच्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. सहा असतील तर ७१ टक्के. तीन आणि सहा यांतला फरक डोळ्यांना लहान दिसतो, पण एका बाजूला डेक निम्म्याहून जास्त वेळा लंगडत सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला तो खरोखर वेगवान असतो. माझ्या ५४० मध्ये लाल-पांढऱ्यात मिळून एका मानाची १८ क्रीचर होती. चार जणांच्या टेबलावर त्यातली सरासरी सहाच येणार, आणि ती एकट्याला कधीच मिळत नाहीत.

चार रंगांचा डेक का जिंकायचा, हेही इथेच कळतं. टॅप होऊन येणाऱ्या (त्या टर्नला वापरता न येणाऱ्या) लँड, तीन-चार टर्न नुसतं रंग जुळवणं, ही त्या डेकची किंमत आहे. ती वसूल करणारा वेगवान डेक समोर असेल तरच ती किंमत ठरते. आमच्याकडे वेगवान डेक लागतच नव्हता, मग आळशी डेकला शिक्षा कोण करणार? त्यात ८० लँड. पॅकमागे सरासरी दोनाहून जास्त.

दुरुस्ती: १८० ची पेटी आणि ४५ च्या गड्ड्या

पहिलं काम सगळ्यात जड जातं. ५४० मधून १८० पानं निवडायची. दोन रात्री मी जमिनीवर पानं पसरून बसलो होतो. माझी मांडणी अशी झाली: प्रत्येक रंगाची २५, म्हणजे १२५. दोन रंगांची सोनेरी पानं १०, प्रत्येक जोडीला एक. रंगहीन २५. दोन रंगांच्या लँड २०, प्रत्येक जोडीला दोन. बेरीज १८०. साध्या लँड वेगळ्या डब्यात, त्या मोजायच्या नाहीत.

सोनेरी पानं कमी ठेवण्याचं कारण: चार जणांत एखाद्या जोडीचे दोन्ही रंग धरणारा माणूस बऱ्याचदा नसतोच, आणि मग ते पान टेबलावर मेलेलं असतं. ती पानं सुंदर असतात, काढताना जीव तुटतो. तरी काढा.

दुसरं, थीम. दहा रंगजोड्यांना दहा थीम हे आठ जणांचं गणित. चार जणांना पाच पुरतात, अट एकच की प्रत्येक रंग दोन थीममध्ये यावा. आमच्याकडे पांढरा-लाल छोटी क्रीचर, लाल-निळा स्पेल (एकदा वापरून बाद होणारी जादूची पानं), निळा-काळा मेलेलं उठवणं, काळा-हिरवा ग्रेव्हयार्ड भरून त्यावर जगणं, हिरवा-पांढरा टोकनांची (इतर पानांनी तयार केलेल्या क्रीचरची) फौज. वर्तुळ पूर्ण होतं.

यातली खरी कला मात्र दोन घरी चालणारी पानं शोधण्यात आहे. यंग पायरोमॅन्सर स्पेलच्या डेकला हवं, कारण प्रत्येक स्पेलमागे एक टोकन मिळतं; छोट्या क्रीचरवाल्यालाही ते चालतं. फेथलेस लूटिंग स्पेलवाला घेईल, आणि लालकडे वळलेला ग्रेव्हयार्डवालाही घेईल, कारण हातातलं मोठं क्रीचर टाकून द्यायला ते उत्तम. सटायर वेफाइंडर लँड शोधून देतं आणि ग्रेव्हयार्डही भरतं. अशी पानं जितकी जास्त, तितका डेक अर्धवट राहण्याचा धोका कमी, कारण मधेच थीम बदलावी लागली तरी आधी घेतलेली पानं वाया जात नाहीत. उलट, ज्या पानाला एकाच दुसऱ्या पानाची साथ लागते ते लहान क्यूबमध्ये ठेवू नये. स्प्लिंटर ट्विन मी काढलं. जोडी आता दर वेळी टेबलावर आली असती हे खरं, पण दर ड्राफ्टला त्याच दोन पानांभोवती सगळे फिरले असते.

तिसरं, एका मानाची क्रीचर. १८० मध्ये लाल पाच आणि पांढरी पाच. बाकीच्या डेकना ती फारशी नको असतात, त्यामुळे वेगवान डेकवाल्याला सहा सहज मिळतात. हवी तितकी वेगळी पानं नसतील तर एकाच पानाच्या दोन प्रती घाला. क्यूबमध्ये प्रत्येक पान एकदाच, हा रिवाज आहे, खेळाचा नियम नाही. पेटी तुमची आहे.

आता पाचवा माणूस आला तर? ४५ पानांची एक गड्डी वेगळी बांधून ठेवा: प्रत्येक रंगाची सहा, लँड दहा, रंगहीन पाच. पाचही थीमची पानं त्यात त्याच प्रमाणात हवीत. मूळ पेटीत क्रीचर उठवणारी चार असतील तर गड्डीत एक. माणूस वाढला की एक गड्डी आत. मी अशा चार गड्ड्या केल्या, वर रबर आणि चिठ्ठी लावून. चारही आत गेल्या की १८० चे ३६० होतात आणि आठ माणसं बसतात. हे जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

खेळून झाल्यावर गड्डीची पानं वेगळी काढायला पाच-दहा मिनिटं जातात. त्यासाठी मी प्रत्येक पानाच्या स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) आतून, पुढच्या बाजूला खाली, पेन्सिलीने आकडा लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवला आहे. पाठीवर खूण करू नका, पिसताना ओळखू येते.

पॅकही बदला

चार जणांत १५ पानांचं पॅक फिरवलं की तुम्ही उघडलेलं पॅक पाचव्या, नवव्या आणि तेराव्या वेळी पुन्हा तुमच्याकडे येतं. कुणी काय घेतलं ते सगळ्यांना कळतं आणि शेवटची पाच-सहा पानं नुसती वाटणी होते. त्याऐवजी ९ पानांची पाच पॅक करा. पानं ४५ च, पण पहिली निवड तीनऐवजी पाच वेळा. थीम कुठे चालली आहे याचा अंदाज घ्यायला आणि गरज पडली तर वळायला जास्त वेळ मिळतो. आमच्या टेबलावर या एका बदलाचा परिणाम लगेच जाणवला, इतका की आधी हाच करून बघा असं मी सांगेन. त्याला एकही पान विकत घ्यावं लागत नाही.

जुलैत धो-धो पाऊस असला की कधी दोघंच पोहोचतात. तेव्हा विन्स्टन ड्राफ्ट. ९० पानं पिसायची, त्यातून एकेक पान उपडं ठेवून तीन ढीग करायचे. पहिला ढीग बघायचा. घ्यायचा, किंवा नको असेल तर त्यावर गड्डीतलं एक पान न बघता ठेवून दुसऱ्याकडे जायचं, मग तिसऱ्याकडे. तिन्ही नाकारले तर गड्डीचं वरचं पान घ्यावंच लागतं. जो ढीग उचलला त्या जागी नवं एक पान ठेवायचं आणि पाळी समोरच्याची.

स्लीव्हबद्दल थोडं

पानं अदलाबदल केली की नव्या पानांना नवी स्लीव्ह येते आणि जुन्या मळलेल्या स्लीव्हमध्ये ती उठून दिसते. सगळ्या पेटीला एकाच वेळी, एकाच लॉटमधली, मागून अपारदर्शक स्लीव्ह घ्या आणि वीस-पंचवीस जास्तीच्या जपून ठेवा. महागड्या पानाची प्रत छापून वापरत असाल तर ती ६३ बाय ८८ मिलिमीटरची कापा आणि स्लीव्हमध्ये एखाद्या साध्या खऱ्या पानासमोर सरकवा. पाठ खरीच राहते आणि पिसताना हाताला वेगळं काही लागत नाही. अशा प्रती घरच्या खेळापुरत्याच, अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. चकाकणारी फॉइल पानं पावसाळ्यात वाकतात, कारण कागद ओल धरतो आणि वरचा चकचकीत थर धरत नाही. वाकलेलं पान गड्डीत ओळखू येतं, म्हणून आमच्या पेटीत फॉइल नाही.

इतकं करूनही एखादी थीम लंगडली

आमची काळी-हिरवी अजून थोडी लंगडते. वहीतल्या नोंदीप्रमाणे तिची पानं भरपूर येतात, पण ती धरायला कुणी पुढे होत नाही. म्हणजे तिसरा आजार: बोट दाखवणारं ठळक पान नाही. तिथे पानं वाढवायची नाहीत, एक काढून एक घालायचं, आणि मग निदान तीन ड्राफ्ट काहीच बदलायचं नाही. एका वेळी दहा पानं बदलली तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

बाजूला काढलेली पानं विकू नका. माझी १८० एका बुटाच्या खोक्यात आहेत, पेटीपासून लांब, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. त्यातलं एखादं पान परत आणावंसं वाटलं तर मी आधी वहीत लिहितो, ते कोणत्या पानाच्या जागी जाणार.